घोडनदीतला नेव्हीवाला

शिरूर,
ता. ८ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप पोपटराव दाजींना हरिबाचा दंडवत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आन् अक्काचा खोकला गेला का? आम्ही दोघं बरी हाओत, शेळी आमच्यापेक्षा बरी हाय.

ह्या शेळीपायीच सगळं घडलं. सोमवारी तिनं गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीच्या भिंतीवरनं उडी मारली. मी मागनं गेलो (उडी मारून न्हाई, पडक्या बाजूनं), तर धोतर बाभळीत अडकलं. ते सोडवायला वाकलो तवा समोर पुरुषभर उंचीचं थडगं, आन् त्यावर कोरलेला नांगर. शेतातला न्हवं, जहाजाचा! माती खरवडली तर खाली इंग्रजीत 'नेव्ही'. दाजी, अठरा वर्षं नेव्हीत स्वयंपाकी होतो, हात आपोआप कपाळाला गेला. मी ताठ उभा, सलाम ठोकलेला, आन् धोतर अजून बाभळीलाच. तेवढ्यात भिंतीपलीकडनं आमची अनसाबाई म्हणली, "शेळी तिकडं हाय, सलाम कुणाला?"

दुपारपर्यंत निम्मी आळी जमली. शाळेतल्या इंद्रजीत गुरुजींनी वाचून दाखवलं : लेफ्टनंट (पुढचं नाव फुटलंय), वय चोवीस, तापानं वारला, साल अठराशे एकतीस. लगेच शंका निघाली, घोडनदीला गुडघाभर पाणी, इथं नेव्हीवाला कशाला आला? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलो, हवापालटाला आला असंल (आम्हा नेव्हीवाल्यांना खारी हवा कधीकधी बाधते). लोकांना पटलं. मला हसू आलं होतं, पर ते चोवीस वय मनातनं जाईना. आपला पोरगा मल्हार परवाच चोवीसचा झाला, रांजणगावला कंपनीत असतोय. अनसाबाईनं घरनं कळशी आणली, दगड धुतला आन् म्हणली, "ह्याच्या आईला कवा कळलं असंल?"

मग माणसांनी कोयते आणून बाभळी तोडल्या. चार डिसेंबरला, नेव्हीच्या दिवशी, तिथं हार घालायचा आन् माझं भाषण ठेवायचं ठरलंय. विषय, 'समुद्रावरची अठरा वर्षं'.

अक्काला नमस्कार सांगा.

तुमचा,
हरिबा

ता. क. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई, पर माझी अठरा वर्षं लोणावळ्याच्या डोंगरावर नेव्हीच्या भटारखान्यात गेली. जहाज मी कॅलेंडरवरच पाहिलंय. तुम्ही रेल्वेतले, तवा दौंडहून मुंबईचं एक तिकीट काढून ठेवा. भाषणाआधी समुद्र एकदा बघून येतो. अनसाबाईला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला अनसाबाईकडंच दिलं होतं. वाचून परत घेऊन आली. म्हणती, लग्न झाल्यापासून ठाऊक हाय, तिकिटं दोन सांगा.