बँकेच्या गारव्याने गल्लीत होणाऱ्या उकाड्याबाबत

प्रति,
मा. पर्यावरण अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : बँकेच्या वातानुकूलन यंत्रांची तोंडे आमच्या गल्लीकडून फिरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आमचा मागील अर्ज व त्यावरील आपले उत्तर, "खिडक्या उघड्या ठेवाव्यात."

महोदय,

वरील विषयान्वये सविनय सादर की, अर्जदार ही बँकेच्या मागील गल्लीत शिवणकाम करते. आपल्या सूचनेनुसार अर्जदाराने खिडकी उघडली. बँकेतल्या साहेबलोकांना गार करून उरलेला सगळा उकाडा आत आला, आणि वीज गेल्यावर लावायला ठेवलेली मेणबत्ती न पेटवताच वितळली. वीज तर जातेच. बँकेची यंत्रे जोरात चालली की गल्लीतले पंखे असे फिरतात, की पात्यांवरची धूळसुद्धा हलत नाही.

२. अशाच एका दुपारी अर्जदाराच्या सासूबाईंना घेरी आली. डॉक्टरांनी त्यांना गार जागी ठेवायला सांगितले. गार जागा एकच, ती म्हणजे बँक. दारावरच्या शिपायाने विचारले, "आजी, काय काम?" सासूबाई म्हणाल्या, "गार व्हायचंय." इथे फक्त खातेदार बसतात, असे कळताच जन्मभर उशीच्या अभ्र्यावर विसंबलेल्या सासूबाईंनी तिथल्या तिथे खाते उघडले. तासाभरात त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

३. ही वार्ता गल्लीत वाऱ्यासारखी पसरली (वारा स्वतः मात्र फिरकला नाही). जाऊबाईंनी खाते उघडले, न्हाव्याने उघडले, इस्त्रीवाल्याने सहकुटुंब उघडले. व्यवस्थापक हरखले. सर्वाधिक नवी खाती म्हणून शाखेचा सत्कार झाला, वरून विस्तार मंजूर झाला, नवे दालन आले, आणि त्याची नवी यंत्रे आली. त्यांचीही तोंडे आमच्याकडेच! उकाडा वाढला, म्हणून उरलेल्यांनीही खाती उघडली. सध्या दिवसा गल्लीत चिटपाखरू नसते. मांजरही रोखपालाच्या खुर्चीखाली असते. त्याची कागदपत्रे तेवढी अपुरी आहेत.

४. शिलाई मशीन बँकेत नेऊ देत नसल्याने अर्जदार एकटीच मागे राहिली. अखेर तिने व्यवस्थापकांना गाठले आणि म्हणाली, "साहेब, खाती घ्या परत, आमची घरं द्या."

ते हसून म्हणाले, "ताई, यालाच विकास म्हणतात."

तेवढ्यात भार न सोसून बँकेचे व गल्लीचे सामाईक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) धडाम् झाले. बँकेच्या काचा उघडत नाहीत. थोड्याच वेळात सारी बँक गल्लीत आली. व्यवस्थापक अर्जदाराच्या पायरीवर मटकन बसले. सासूबाई पासबुकाने वारा घालत म्हणाल्या, "आधी तो टाय सोड, बाळा." इतक्यात बँकेचे जनरेटर सुरू झाले, आणि यंत्रांनी साहेबांच्या थेट तोंडावर फुंकर मारली.

त्यांनी निमूट टाय सोडला. मग म्हणाले, "हे रोज असतं?"

"रोज कुठलं," सासूबाई म्हणाल्या, "रविवारी तुला सुट्टी असते ना!"

५. तरी विनंती की, यंत्रे गच्चीवर हलवून त्यांची तोंडे आभाळाकडे करावीत, रिकाम्या दालनांतील यंत्रे बंद ठेवावीत, व गल्लीला स्वतंत्र रोहित्र द्यावे. हे शक्य नसल्यास आमची गल्ली बँकेचे प्रतीक्षालय म्हणून घोषित करावी व आम्हांला खुर्च्या पुरवाव्यात. पाहणीस दुपारीच यावे. टाय घालून येऊ नये.

६. अर्जदाराच्या सहीखालील दुसरी सही व्यवस्थापकांची आहे. खाती बंद झाली तर वरचे साहेब झाडतील, हे ठाऊक असूनही त्यांनी ती केली, आणि तीही गल्लीत, यंत्रांसमोर उभे राहून. शाई वाळायला वेळ लागला नाही.

आपली नम्र व घामाघूम,
(सही) शिवणकामवाली, मागची गल्ली
(सही) शाखा व्यवस्थापक, पुढची बाजू

दिनांक : रोहित्र उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : वितळलेली मेणबत्ती, एक नग.