मूळ नाटकात बायको मुकी

शुक्रवार, २ ऑक्टोबर १९८१
ऑफिसातला अमेरिकन साहेब दोहा सोडून गेला. जाताना पुस्तकं वाटली. मला नाटकाचं मिळालं. मागच्या कव्हरवर नाटककाराचं चरित्र: दोन कॉलेजांनी हाकलला, हॉटेलात बश्या विसळल्या, मग ॲब्सर्ड नाटकं लिहून न्यूयॉर्क हादरवलं. मीही इंटरला एकदा नापास झालोय. दिवाळीला हेच बसवायचं. ठरलं.

सोमवार, ५ ऑक्टोबर
वाचलं. नवरा गळका नळ दुरुस्त करत बसतो, बायको बोलत राहते. नळ शेवटपर्यंत गळतो. फार खोल आहे. दोष एकच, सगळी वाक्यं बायकोला. भाषांतरात ती नवऱ्याला दिली. नवरा मीच. बायकोचं काम आमच्या हिला, शशिकलाला. तिला सांगितलं, मूळ नाटकात बायको मुकीच आहे. ती बरं म्हणाली.

बुधवार, १४ ऑक्टोबर
पहाटे उठून पाठांतर करायचं होतं. साइटवरच्या धुळीनं घसा बसलाय. उद्यापासून नक्की. शशिकलाला गप्प बसण्याचा अभिनय समजावला. डाळ निवडता निवडता ऐकत होती. जमेल तिला.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर
मित्र गुरुप्रसादच्या गॅरेजमध्ये प्रयोग आहे. पाठ झालं का, विचारत होता. म्हटलं, इन्शाल्ला. तो म्हणाला, मग खलास. त्याला ॲब्सर्ड कळत नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर
चार वाक्यं पक्की. बाकीची स्टेजवर उत्स्फूर्त येतील.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर
पाचवं आलंच नाही. हातात पाना, तोंड उघडं. शांतता इतकी लांबली की मध्यंतर झालं समजून गुरुप्रसादच्या सरोजवहिनींनी बटाटेवडे फिरवायला घेतले. तेवढ्यात शशिकला बोलायला लागली. अर्धा तास बोलली. आधी लोक हसले, मग वडे हातात तसेच ठेवून ऐकत राहिले. वहिनी रडल्या. मी नळ पिळत होतो. नंतर सगळ्यांना सांगितलं, तिची तयारी मीच करून घेतली.

शनिवार, ३१ ऑक्टोबर
चहाच्या वेळी तिला विचारलं, एवढं सुचलं कुठून? म्हणाली, सुचलं नाही, पुस्तकातलंच आहे, पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेनं खोटं सांगत होता, मोडवेना. मला मान वर करवेना. फार लाज वाटली.
तेवढ्यात गुरुप्रसादचा फोन. पुढच्या शुक्रवारी पुन्हा प्रयोग, शशिकलावहिनींना विचारून सांग. नवऱ्याच्या कामाला त्याच्या कंपनीतला प्लंबर येतोय. मी विचारलं, त्याचं पाठांतर कसं आहे? म्हणाला, त्याला बोलायचंय कुठं.