झेंड्याजवळची खुर्ची

सोमवार, ८ मार्च १९९९

हरलो. परत! समोरच्या टीममध्ये एक पोरगा नववीतला होता. त्याची आई खाली रिक्षात बसून त्याची वाट बघत होती.

घरी आल्यावर मामाने विचारलं, रोज संध्याकाळी सात ते नऊ त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये करता काय. दिवसभर मी त्याच्याच झेरॉक्सच्या दुकानात असतो, मग त्याला उत्तर द्यायलाच लागतं. सांगितलं — चार आमचे, चार त्यांचे. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, पण सगळे एका वायरने जोडलेले. दोन किल्ले, दोन झेंडे. त्यांचा झेंडा पळवून आपल्या किल्ल्यात आणायचा, आपला जाऊ द्यायचा नाही. मी पुढे धावतो, झेंडा आणणं माझं काम. उत्तम लांब गच्चीवरून नेम धरतो. हेमा औषधवाली, कोणाला लागलं की त्याच्याकडे पळते. आणि गोमाजी आपल्या झेंड्याजवळ पहाऱ्याला.

मामा म्हणाला, एवढं सगळं ठरलेलं आहे तर हरता कशाला?

गोमाजीमुळे. दुसरं काय! माणूस मागून येतो, झेंडा घेऊन निघून जातो, आणि मग हा वळतो.

गुरुवार, ११ मार्च

आज पुन्हा तेच. मी दोन झेंडे आणले, गोमाजीने तीन घालवले.

शुक्रवार, १९ मार्च

आज बोललो त्याला. सगळ्यांसमोर. "तुझ्या जागी स्टूल ठेवलं असतं तरी चाललं असतं" — असंच म्हणालो. उत्तम हसला.

गोमाजीने हेडफोन काढला, खिळ्याला नीट अडकवला. डब्याची पिशवी उचलली आणि गेला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. खोपटला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, ड्यूटी संपली की तसाच येतो. हाताला ग्रीसचा वास असतो म्हणून आधी साबणाने हात धुतो, मग कीबोर्डला लावतो.

हे आत्ता का लिहितोय मी?

जिन्यात हेमा म्हणाली (गोमाजीला ती दादा म्हणते), "दादाला असं बोलायची गरज नव्हती." मी म्हटलं, हरायची पण गरज नव्हती. ती चेंदणीला घरापर्यंत एकटीच चालत गेली, रोज मी स्टेशनच्या पुलापर्यंत सोबत असतो.

सोमवार, २२ मार्च

गोमाजी आला नाही.

मंगळवार, २३ मार्च

आजही नाही. आणि आजच डोंबिवलीच्या स्पर्धेचा कागद आला! १५ आणि १६ मे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडच्या क्लासच्या टीम. चार खेळाडू पाहिजेतच, तीन चालणार नाहीत.

महिपतसर — क्लास त्यांचाच — म्हणाले, चौथा मी बसतो तात्पुरता, पण पहाऱ्याला नाही, मला ते जमत नाही. मग पहाऱ्याला कोण? उत्तम नाही म्हणाला. हेमाने माझ्याकडे बघितलं.

सर म्हणाले की प्रत्येकाने प्रत्येकाच्या खुर्चीवर आठ आठ दिवस बसा. मग कोणामुळे हरतो ते बोला. सर एरवी इतकं बोलत नाहीत. म्हणजे त्या दिवशीचं स्टूल त्यांनी ऐकलेलं.

सोमवार, २९ मार्च

पहारा. पहिल्याच दिवशी पाच झेंडे घालवले. गोमाजीने एका दिवसात कधी पाच घालवले नव्हते.

किती कंटाळवाणं काम आहे! समोर दरवाजा, डावीकडे जिना, उजवीकडे खिडकी. दहा मिनिटं कोणी येत नाही. मग तिन्हीकडून येतात. आणि पुढे गेलेला — आज हेमा पुढे होती — ओरडतो की झेंडा कसा गेला. मी ओरडलो, तू येऊन बस ना इथे.

ओरडल्यावर कसंतरीच वाटलं.

शुक्रवार, २ एप्रिल

कळलं! पहाऱ्याचं काम डोळ्यांचं नाहीच. कानांचं आहे.

माणूस दिसायच्या आधी त्याचे पाय वाजतात. जिन्यावरून आला तर डाव्या कानात, खिडकीतून आला तर उजव्या कानात. आवाज आला की त्याच बाजूला वळायचं, बघत बसायचं नाही. आज फक्त एक झेंडा गेला. वर्षभर पुढे धावताना मी हेडफोन गळ्यात टाकून खेळायचो, मला हे माहीतच नव्हतं.

बुधवार, ७ एप्रिल

आता औषधवाला. सगळे एकदम हाका मारतात. एकाकडे जावं तर दुसरा मरतो, आणि मेलेला शिव्या देतो. सरसुद्धा देतात! पुढे उत्तम होता. औषध मिळालं की मागे वळून न बघता पळायचा.

हेमाला विचारलं, मी पण असंच करतो का. ती म्हणाली, "तू तर औषध मिळायच्या आधीच पळतोस. मी बाटली घेऊन मागे मागे." मग हसली. एकोणीस तारखेनंतर आज पहिल्यांदा.

गुरुवार, १५ एप्रिल

आज दुपारी दुकानात एकाचं रेशनकार्ड झेरॉक्स करत होतो आणि हात तसाच थांबला. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं, लाइट गेली का.

गोमाजीने घालवलेले झेंडे एकामागून एक आठवत होतो. जिन्यावरून येणारा त्याने कधी सोडला नाही. एकही नाही. गेले ते सगळे खिडकीतून. उजवीकडून.

आणि मग बाकीचं आठवलं. उत्तम त्याच्या उजवीकडे बसायचा आणि म्हणायचा, ह्याला भाव आहे, हाक मारली तर बघत नाही. चहा विचारला की गोमाजी आधी पूर्ण तोंड वळवायचा, मग हो म्हणायचा. मला वाटायचं, मंद आहे.

मामाला सांगून चारलाच निघालो. खोपटला डेपोच्या गेटबाहेर उभा राहिलो. पाचनंतर माणसं सुटली, त्यात तो. मी मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूने चालायला लागलो. हाक मारली. दोनदा मारली. तो सरळ चालत राहिला, हात-दीड हातावर मी! मग पुढून वळून डाव्या बाजूला गेलो आणि हळूच नाव घेतलं. लगेच थांबला.

मला बघून त्याला आनंद झाला नाही. पण गेलाही नाही. टपरीवर उभे राहिलो.

मी विचारलं, उजव्या कानाने ऐकू येत नाही ना. त्याने कप खाली ठेवला. मग सांगितलं — सहा वर्षांचा असताना कान फुटलेला, गावाला डॉक्टर नव्हता, तेव्हापासून काही नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर कोणाला सांगत नाही. खिडकीकडचं तो डोळ्यांनी सांभाळायचा. दर चार मोजले की एकदा उजवीकडे बघायचा. मधल्या चारात कोणी आला तर गेला झेंडा.

एक वर्ष तो असा मोजत बसलेला. आणि मी त्याला स्टूल म्हणालो.

मी म्हटलं, अरे, आधी सांगायचं ना.

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस मला टीममध्ये?"

मी नाही म्हणालो. त्याच्यासमोर खोटं काय बोलायचं. मग त्या दिवशीचं चुकलं, असं म्हणालो. नीट, पूर्ण वाक्यात म्हणालो. तो म्हणाला, चहा गार होतोय.

मंगळवार, २० एप्रिल

गोमाजी आला. हेमाने आईने दिलेली तळलेली मांदेली आणलेली, डबाच त्याच्यापुढे ठेवला. उत्तमला मी आधीच सांगून ठेवलं होतं, गोमाजीच्या परवानगीने. तो गुपचूप उठून त्याच्या डावीकडे बसला.

आता प्रश्न असा, की पहाऱ्याला त्याला बसवायचं नाही. मग कुठे? नेम धरायला उत्तमसारखा कोणी नाही. औषधात हेमाला तोड नाही. हेमा म्हणाली, पुढे. पुढे कानांचं काम नाही, डोळ्यांचं आहे. दादाचे डोळे बघितलेस ना.

पुढे म्हणजे माझ्या जागी.

मी म्हटलं, बघू.

गुरुवार, २२ एप्रिल

पुढची जागा माझी आहे. टीम मी उभी केली. ठाण्यात जे कोणी आम्हाला ओळखतात ते माझ्यामुळे ओळखतात. पहाऱ्यावर बसलेल्याचं नाव कोण घेतं?

आज कोणाशी बोललो नाही. दोन डाव हरलो.

शनिवार, २४ एप्रिल

सातला गेलो आणि कोणी काही म्हणायच्या आत झेंड्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसलो. गोमाजीला म्हटलं, तू पुढे हो. तो म्हणाला, नक्की? मी हेडफोन घातला. उत्तर देत बसलो असतो तर बदललो असतो.

आणि काय खेळला तो! दोन किल्ल्यांमधल्या पुलावर गेलाच नाही. खालच्या नाल्यातून, भिंतीला घासून, कोणाच्या नजरेत न येता. पहिल्या डावात तीन झेंडे.

नंतर विचारलं, नाला कसा सुचला. म्हणाला, वर्षभर मी मागे बसून तुला बघत होतो, मी मेलो की पुन्हा सुरू होईपर्यंत पुढे धावणाऱ्याचाच रस्ता पडद्यावर दिसतो ना. तू दर वेळी पुलावरून जायचास. मेलास की पुन्हा पुलावरून. त्यांना पाठ झालं होतं.

माझ्यामुळेच हरत होतो की काय आम्ही? पूर्ण नाही. पण बऱ्यापैकी.

शनिवार, १ मे

सुट्टी. सकाळपासून खेळलो. सलग चार जिंकलो, त्यात ते नववीवाले पण! माझ्याकडून आज एकही झेंडा गेला नाही. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. फक्त गोमाजीच्या आलं. जाताना म्हणाला, खिडकी बंदच केलीस आज.

रविवार, १६ मे

डोंबिवलीहून आत्ता आलो. पाय दुखतायत, घसा बसलाय.

काल दोन सामने जिंकलो. आज सकाळी तिसरा. तीनशे माणसं होती हॉलमध्ये, पंखे चार. हेमाची आई आवडाबाई मासळीबाजारातला धंदा सोडून आलेली. गेम तिला कळत नव्हता, पण हेमाचं नाव घेतलं की टाळ्या वाजवत होती.

सेमीफायनल डोंबिवलीच्याच टीमशी. त्यांचे कॉम्प्युटर नवे, पोरं इंजिनिअरिंगची. तरी शेवटच्या मिनिटापर्यंत दोन-दोन. गोमाजी झेंडा उचलून निघालेला, अर्ध्या वाटेवर होता. सगळा हॉल उभा राहिला त्याला बघायला.

आणि माझ्या उजव्या कानात पाय वाजले. मी ऐकलं. वळलो. वेळेवर वळलो असं आत्ताही वाटतं. पण तो माझ्याहून जलद निघाला. झेंडा गेला.

तीन-दोन. संपलं.

मी हेडफोन काढलाच नाही. वाटलं, आता गोमाजी म्हणेल ते ऐकून घ्यायचं. त्याचा हक्क आहे. तो येऊन बाजूला बसला.

"ऐकू आलं होतं ना तुला?"

"हो."

"तरी उशीर होतो कधी कधी."

एवढंच. मग चौघांनी खाली उतरून उसाचा रस घेतला. आवडाबाईने विचारलं, पोरांनो, जिंकलात ना? हेमा म्हणाली, नाही गं. ती म्हणाली, मग एवढी गर्दी कशाला जमली होती.

गुरुवार, २० मे

आज डोंबिवलीच्या टीमचा कप्तान दुकानात आला. पत्ता शोधत शोधत. त्यांचा पुढे धावणारा नोकरीला बंगलोरला चाललाय, आणि जुलैत पुण्याला मोठी स्पर्धा आहे. माणूस पाहिजे. मी शर्टाचं बटण लावलं, मशीन बंद केलं, त्याला खुर्ची दिली. त्याने गोमाजी कुठे राहतो ते विचारलं.

कप्तान एकटा गेला असता तर गोमाजी नाही म्हणाला असता, आमच्यासाठी. म्हणून मीच सोबत गेलो. आणि गोमाजी नाहीच म्हणाला. मी त्याच्या डावीकडे उभा राहून सांगितलं, "जा."