नऊ नंबरची लाइन

सोमवार, ४
दाजींनी चिकटवलं एकदाचं! ताईचा नवरा असावा तर असा. काम काय, तर एसीत बसून पडद्याकडे बघायचं. जमिनीखालच्या काचेच्या तारांतून उजेड पळतो, त्यावर सगळ्यांचे फोन आणि नेट. उजेड मंदावला की मशीन बोंबलतं. मग मी बटण दाबायचं, ‘खरं’ नाहीतर ‘खोटं’. माझ्या उत्तरांवरून मशीन शिकतं. आठवी दोनदा काढलेला मी, आणि झालो मास्तर! दाजी भुयारात उतरून तारा जोडतात. कुठे बिघाड ते मशीन सांगत नाही, त्यांनाच लाइन चाचपत जावं लागतं.

गुरुवार, ७
शोध लागला! मागच्या कपाटातली नऊ नंबरची तार बोटाला गुंडाळून वाकवली की उजेड गळतो. तीनदा वाकवली. मशीन बोंबललं, दाजी पिशवी घेऊन भुयारात. दोन तासांनी घामाघूम होऊन वर. मी तोवर ‘खोटं’ दाबून मोकळा. उद्या परत.

मंगळवार, १२
सहाव्या खेपेला पकडला गेलो. दाजींनी सगळ्यांसमोर कान पिळला. म्हणाले, गाढवा, माझे गुडघे गेलेत, पुन्हा केलंस तर नोकरी सोडून निघून जाईन, सांभाळ तुझ्या ताईला. सगळे हसले. मग तेही हसले, तार कशी वाकवतोस ते दाखव म्हणाले.
मशीन आता नऊ नंबरवर बोंबलतच नाही. शिकलं बिचारं.

गुरुवार, १४
दाजी काल घरी आले नाहीत. फोन बंद. साहेब म्हणतात, कंटाळून गेला असेल, तुझीच कृपा. ताई जेवली नाही. पण त्यांची पिशवी जागेवर नाही. म्हणजे कामावरच होते ना?

शुक्रवार, १५
मशीन जे खोटं ठरवतं ते वेगळ्या यादीत टाकतं. ती कोण कशाला उघडतंय? आज उघडली. नऊ नंबर. उजेडाचे तीन गचके, थांबा, तीन गचके. बुधवार दुपारपासून. चारशे अकरा वेळा. प्रत्येकापुढे : खोटं, नव्याण्णव टक्के.
साहेबांना ओढत आणलं. म्हणाले, सहा वेळा फसलो, आता नाही. एक माणूस पाठवला, तो भुयाराच्या तोंडाशी हाका मारून परत आला.
मी ‘खरं’ दाबतोय. पडद्यावर येतं : तुमची उत्तरं यापुढे धरली जाणार नाहीत.

शनिवार, १६, सकाळ
गचके लांब लांब. आधी दोन. आत्ता एकच.
ताईला सांगितलं. म्हणाली, निदान यात तरी मस्करी नको रे.
मी उतरतोय.

दुपार असेल
वळणापुढे छत खाली आलंय. फटीतून सरपटत आत आलो आणि मागे माती— वाट बंद. रेंज नाही.
दाजी सापडले. गार. आजचे नाहीत. वास— बुधवारचेच असतील. तार बोटाला गुंडाळलेली.
मग सकाळचा तो एक— कोणी—

तीन. थांब. तीन. मी वाकवतोय. वर माझी खुर्ची रिकामी. कोणी बसलं असलं तरी नव्याण्णव टक्के—
ताई, तुझी शप्पथ, या वेळी खरंच—

बॅटरी मंदावली.

मी हात काढून घेतलाय. तार अजून हलतेय. थांबते. परत— दाजींचं बोट हळूहळू वा—