ओल्या पायांनी

अहो,

आज विलासभावोजींशी भांडले. सांगायला दुसरं कोण आहे? शिवाय निम्मं भांडण तुमच्याशीच आहे, म्हणून लिहायला बसले.

जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांचा हात धरून तुम्ही म्हणालात, "भाट्याचं तू बघ." मी उशाशीच उभी होते. भाट्याच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट उभं केलं आपण दोघांनी आणि बघायचं तुमच्या भावाने? का, तर त्यांचं स्टँडजवळ हॉटेल आहे, त्यांना धंदा कळतो.

कळतो ना, हॉटेलचा! तिथे माणूस उतरतो कोर्टाच्या तारखेला, नाहीतर लग्नाला. सकाळी अंघोळ करून बाहेर, रात्री पाठ टेकायला परत. स्वच्छ चादर आणि गरम पाणी दिलं की झालं. आपल्याकडे तो दिवसभर अंगणातच असतो. त्याला अवेळी भूक लागते, पोरं वाळू घेऊन येतात, कुणाला नुसतं झोपाळ्यावर बसायचं असतं. हे सांगितलं तर म्हणतात, "वहिनी, लॉजिंग ते लॉजिंग."

झोपाळा काढून काउंटर आलं, मी गप्प बसले. दुपारी स्वयंपाकघराला कुलूप लागायला लागलं, तेव्हाही तुमचा शब्द आठवून गप्प. मग दारातली डोण गेली. येणाऱ्याने पाय धुवावेत म्हणून तुम्ही लांज्याहून टेम्पोत घालून आणलेली दगडी डोण. तिथे आता काचेचं दार आणि पाटी: "ओल्या पायांनी आत येऊ नये." समुद्रावर येऊन माणसाने कोरडे पाय आणायचे कुठून?

आज दुपारी आपली स्वयंपाकवाली शेवंता पदर खोचून आली. "वयनी, त्या आजी मगासपास्नं भायेर पायरीवर बसलेत. पाय सुकल्याबिगर आत यायचा नाय म्हनतात."

सांगलीकडच्या आजी. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उभ्या राहून आलेल्या. मला बघून त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले. "फरशी घाण व्हायला नको, बाई." आपल्या दारात पाहुण्याला लाज वाटली हो. माझं डोकंच फिरलं.

भावोजींना म्हटलं, तुमचं हॉटेल तुम्ही चालवा, इथल्या किल्ल्या द्या. ते म्हणाले, "दादाने मला सांगितलंय." मी म्हटलं, "मग दादा चुकले." तुम्ही चुकलात, हे मी पहिल्यांदाच कुणासमोर बोलले. ते किल्ल्या काउंटरवर आपटून निघून गेले.

एकदा मला विचारायचं होतंत. जमेल म्हणाले असते.

डोण परसात केळीखाली उलटी पडली होती. गड्यांना लावून जागेवर आणली, भरली. आजी नको नको म्हणत होत्या, तरी त्यांच्या पायावर पाणी मीच घातलं आणि हाताला धरून आत नेलं. फरशीवर पावलं उमटली. पुसू दिली नाहीत.

उद्या पाटी उतरेल, झोपाळा परत लागेल. यापुढे हे मी चालवीन, हा माझा शब्द. भावोजी आले तर हाकलणार नाही, चहाही देईन. पण आधी डोणीवर पाय धुवायचे आणि तसंच, ओल्या पायांनी आत यायचं.

तुमची, अजून रागातच असलेली,
सुनंदा