शिंक्यावरचं ताक

भिलाई, २० जानेवारी १९७९

तीर्थरूप मायच्या पायावर माणिकचा माथा.

मी बरा आहो. इथं फ्लूची साथ आहे. मलेही ताप-खोकला झाला, संगं पोटही बिघडलं. आता उतार आहे. डॉक्टरनं एक पुडी दिली. म्हणे, यात दह्यातले जंतू आहेत, कोणाकोणाच्या पोटाले आराम पडते. मले तूच आठवली. आम्ही पोरं खोकललो की तू ताकाचं गाडगं शिंक्यावर चढवायची.

तुझ्या लेकीनं, पद्मानं लिहिलं, बाबाले खोकला आहे आणि ते नुसती पेज पिऊन राह्यले. पेज काऊन? पोट चालून राह्यलं काय? ताक तर तू बंदच केलं असशील. घोटभर देऊन पाह्यजो. पण ताकाच्या भरवशावर बसू नको. अंगात त्राण नसन तर बबनकाकाच्या बैलबंडीनं हिंगणघाटच्या दवाखान्यात नेजो.

गाय व्याली काय? सुटीचा अर्ज टाकला आहे. इथं मन लागत नाई.

पद्माच्या हातून 'सगळे मजेत' असं लिहून पाठवू नको, माय. 'मी बरा आहो' ही वरची ओळ मीही तापातच लिहिली.

तुझा
माणिक