रानमाश्यांच्या पट्ट्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, गणिताची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉक्टरांनी कुठलेही समीकरण सोडवायला द्यावे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो तिने आधी बदलावा.

२. वडिलांच्या सफरचंदाच्या बागेतला माझा अर्धा हिस्सा, कडेच्या पडीक पट्ट्यासह, तिलाच. मात्र पट्टा नांगरू नये, तिथे शेड बांधू नये. कारण असे: भाऊ मधमाश्या पाळतो. बागेची कड साफ करून आणखी पेट्या मांडायचे त्याच्या मनात होते. त्या मातीत रानमाश्या, म्हणजे न पाळलेल्या जंगली मधमाश्या, बिळे करून राहतात. मी दोन्ही जातींचे गणित मांडले होते. पाळीव माशी एकटी असली की एकाच वाणाच्या रांगेत रमते, आणि स्वतःच्याच वाणाच्या परागाने सफरचंद धरत नाही. रानमाशी तिला फुलावरून हुसकावते, मग ती शेजारच्या वाणाकडे जाते.

भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या समीकरणांना कधी सफरचंदं लागली आहेत का?"

"तुझी कड तू साफ कर," मी म्हणाले. "माझ्या कडेला हात लावायचा नाही." त्याने आपली कड साफ केली आणि आमचे बोलणे बंद झाले.

पुढच्या बहरात त्याची झाडे भरभरून फुलली, पण फळ तुरळक धरले. माझ्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. तो आला, एक फांदी हाताने तोलत राहिला.

"माझ्याच पेट्यांतल्या माश्या ना या? मग इथंच कशा काम करतात?"

"इथं त्यांना कोणी निवांत बसू देत नाही."

त्यानंतर त्यानेही आपली कड पडीक सोडली.

३. संगणक व सर्व संशोधन विद्यापीठाला. 'हे गणित नव्हे, बागकाम' असा शेरा मारणाऱ्या विभागप्रमुखांना भाचीने दरवर्षी या बागकामाची, म्हणजे सफरचंदांची, एक पेटी घरपोच द्यावी.

४. भावाला काहीही नाही. याचा कुणी वाकडा अर्थ लावू नये. मी बागेचा हिस्सा त्यालाच देणार होते. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भावाने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मला काही नको. पोरीला दे. ताईचं बरोबर होतं असं यात लिहिलंय, त्याच्याखाली सही माझी पाहिजे."

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. धाकटा भाऊ, मधपाळ (सही)
२. डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ एप्रिल